सोर्स कोड कोणाचा? कॉपीराइट आणि लायसन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत बसून मी गेली २२ वर्षं व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. हळदीच्या अडत्याची पट्टी, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची आवक-जावक, वजनकाट्याची पावती, अशी कामं. मिरज, कुपवाड, विटा, कराड, साताऱ्यातली नवी पोरं अधूनमधून भेटायला येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि बहुतेक वेळा भांडण लागल्यावर विचारलेले असतात. ते आधी विचारले जावेत म्हणून हे लिहून ठेवतोय. मी वकील नाही. कायदा वाचून, वकिलांसमोर बसून आणि स्वतःचे करार करून जे कळलं ते इथं आहे. मोठ्या रकमेचा करार असेल तर सही करायच्या आधी तो वकिलाला दाखवाच.

आपल्या सॉफ्टवेअरला लायसन्स पुरेसं आहे, की कॉपीराइटही घ्यायला हवा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कॉपीराइट म्हणजे कोडवरची, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं लिहिलेल्या मूळ मजकुरावरची, मालकी. लायसन्स म्हणजे त्या मालकानं दुसऱ्याला दिलेली परवानगी. रान आपलं असेल तरच ते खंडानं देता येतं. शेजाऱ्याचं रान आपण खंडानं दिलं, तर कागद कितीही चांगला लिहिलेला असो, पहिल्या पावसाला भांडण ठरलेलं. कोडचंही तसंच आहे. कॉपीराइट तुमच्याकडे नसेल तर तुम्ही दिलेल्या लायसन्सला बूडच नाही.

आता दोघांचा जोर कुठं कुठं चालतो ते बघा. लायसन्स हा करार आहे, तो सही करणाऱ्यालाच बांधतो. समजा तुम्ही मार्केट यार्डातल्या एका अडत्याला प्रोग्राम दिला आणि 'कॉपी करून कोणाला देणार नाही' असं लिहून घेतलं. त्याच्या दिवाणजीनं तो पेन ड्राइव्हवर घेऊन शेजारच्या गाळ्यात बसवून दिला. शेजारच्यानं तुमच्याशी कुठलाच करार केलेला नाही. लायसन्सचा कागद त्याच्यापुढं धरून काही उपयोग नाही. तिथं कॉपीराइट कामाला येतो, कारण तो सगळ्या जगाविरुद्ध चालतो. सही केलेली असो वा नसो, तुमच्या परवानगीशिवाय प्रत काढली की तो भंग.

उलट बाजूही तितकीच खरी. किती गाळ्यांत चालवायचं, वार्षिक देखभालीचे पैसे थांबले तर काय, दर बदलला तर प्रोग्राम कोण दुरुस्त करणार, आतलं हिशोबाचं गणित बाहेर सांगायचं की नाही, यातलं काहीही कॉपीराइट कायदा तुमच्यासाठी ठरवत नाही. ते करारातच यावं लागतं. म्हणून दोन्ही हवेत. कॉपीराइट आपोआप येतो आणि लायसन्स लिहावं लागतं, त्यामुळे मेहनत लायसन्सवर घ्यायची. पण त्याच्याही आधी एक गोष्ट तपासायची: कोड खरंच आपल्या मालकीचा आहे ना?

कॉपीराइट 'आपोआप' येतो म्हणजे नक्की काय?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९८४ च्या दुरुस्तीनं कॉम्प्युटर प्रोग्राम 'साहित्यकृती' या व्याख्येत घेतला गेला. कायद्याच्या नजरेत तुमचा कोड आणि एखाद्याची कादंबरी एकाच रांगेत आहेत. कोड लिहून साठवला की हक्क तयार झाला. अर्ज, फी, शिक्का यातलं काहीच त्यासाठी लागत नाही. भारत बर्न कराराचा, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे आणि त्या कराराचं मूळ तत्त्वच हे आहे की हक्क मिळण्यासाठी कुठली औपचारिकता लागू नये. त्यामुळे तुमचा कोड इतर सदस्य देशांतही संरक्षित असतो.

कोड अगदी अलौकिक असावा अशी अट नाही, पण तो स्वतः लिहिलेला हवा आणि त्यात थोडी तरी स्वतःची निवड, स्वतःची मांडणी दिसायला हवी. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नुसती मेहनत पुरेशी नाही, किमान सर्जनशीलता हवी, असं म्हटलं.

मग नोंदणी कशासाठी करायची?

पुराव्यासाठी. कलम ४८ प्रमाणे कॉपीराइटच्या नोंदवहीतली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. आपल्याकडे सातबाऱ्याचं असतं तसंच हे. सातबाऱ्यावर नाव लागल्यानं कोणी मालक होत नाही, मालकी खरेदीखतातून किंवा वारशातून आलेली असते. पण सातबारा हातात असला की 'खोटं आहे' हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं. कॉपीराइट नोंदणीचं काम तेवढंच, आणि कोर्टात उभं राहायची वेळ आली की ते फार मोलाचं वाटतं.

अर्ज ऑनलाइन होतो, फॉर्म १४ मध्ये. साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे. अर्ज भरला की डायरी नंबर मिळतो आणि त्यानंतर ३० दिवस कोणाची हरकत येते का याची वाट बघितली जाते. मग तपासणी. प्रत्येक छोट्या बदलाची नोंदणी करत बसू नका. मोठी आवृत्ती आली की करा.

अर्जासोबत सोर्स कोड द्यावा लागतो. मग गुपित राहिलं कुठं?

सगळा द्यावा लागत नाही. २०२१ च्या नियम-दुरुस्तीनंतर पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यायची, आणि एकूण कोड २० पानांपेक्षा कमी असेल तर पूर्ण. मात्र त्या पानांवर काळं फासलेलं किंवा झाकलेलं चालत नाही. त्यामुळे ती पानं छापण्याआधी डोळ्यांखालून घाला. एकदा एका मुलाचा अर्ज बघत होतो. तिसऱ्याच पानावर ग्राहकाच्या डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता. पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये ठेवायच्याच नसतात. अर्जाच्या निमित्तानं ती सवय लागली तरी पुष्कळ.

माझ्यासारखाच प्रोग्राम दुसऱ्यानं बनवला. हा कॉपीराइटचा भंग आहे का?

त्यानं तुमचा कोड उचलला असेल तर आहे. तुमची कल्पना उचलून कोड स्वतः लिहिला असेल तर नाही.

पोरांना हे पचायला जड जातं. हळदीच्या पट्टीचं उदाहरण घेऊ. पोती, वजन, सौद्याचा दर, त्यातून हमाली, तोलाई आणि बाकीच्या कपाती, मग शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. हा हिशोब सगळ्या यार्डाचा आहे, तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा होऊ शकत नाही. मी तो ज्या फंक्शनांत, ज्या रचनेत आणि ज्या क्रमानं लिहिला, ती मांडणी माझी. सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात, तो खटला नाटक-सिनेमाचा असला तरी, कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतली रेघ स्पष्ट आखली. कोडला तीच लागू होते.

पेटंटचा रस्ताही इथं अरुंद आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम, अल्गोरिदम आणि व्यवसायाची पद्धत यांना शोध मानलेलंच नाही. मग खास गणित जपायचं कसं? ते गुप्त ठेवून आणि ज्यांना दाखवावं लागतं त्यांच्याकडून गुप्ततेचा करार करून. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, सगळी भिस्त करारावर आणि न्यायालयांनी मान्य केलेल्या विश्वासाच्या नात्यावर आहे.

उचललेला कोड ओळखायचा कसा? चुकांवरून. दोन माणसं एकच हिशोब वेगवेगळा लिहितील, पण तुमच्या एका व्हेरिएबलच्या नावातली स्पेलिंगची चूक, कधीच न वापरलेलं एखादं फंक्शन, चार वर्षांपूर्वी लिहून विसरलेली टीप हे सगळं दुसऱ्याच्या कोडमध्ये जसंच्या तसं सापडलं, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

बाहेरच्या मुलाला पैसे देऊन कोड लिहून घेतला. मालक मी ना?

कागद नसेल तर नाही. बहुतेक जण इथंच फसतात, मीही फसलो होतो.

कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पहिला मालक लेखक, म्हणजे कोड लिहिणारा. याला एक मोठा अपवाद आहे. नोकरीच्या करारात किंवा शिकाऊ उमेदवारीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. पगारी माणसाचं काम त्यामुळे तुमच्याकडे येतं. पण कामाच्या बोलीवर घेतलेला मुलगा नोकर नसतो. 'मी पैसे मोजले' हे फोटो, चित्र, सिनेमा अशा काही कृतींपुरतं चालतं. कॉम्प्युटर प्रोग्राम त्या यादीत नाही. त्यानं लिहिलेला कोड त्याचा, आणि तुमच्याकडे फार तर वापरायची परवानगी.

२०११ मध्ये मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी एक बारकोडचा भाग कवठेमहांकाळकडच्या एका हुशार मुलाकडून लिहून घेतला. ठरलेले पैसे वेळेवर दिले, त्यानंही काम चोख केलं. कागद मात्र झाला नाही. आमच्यात भांडण नव्हतं, म्हणून कागदाची गरज कोणालाच वाटली नाही. तीन वर्षांनी नाशिककडची एक मंडळी ते सॉफ्टवेअर हक्कांसकट विकत घ्यायला तयार झाली. त्यांच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला: 'हे कोणी कोणी लिहिलं आणि त्यांनी तुम्हाला हक्क लिहून दिल्याचे कागद कुठं आहेत?' माझ्याकडे बँकेची एक नोंद होती. त्यानं ती बघून बाजूला ठेवली.

हक्क लिहून घ्यायचे तर कलम १९ डोळ्यांसमोर ठेवा. हस्तांतर लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. कुठलं काम, कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. शिवाय हक्क मिळाल्यापासून एका वर्षात वापरले नाहीत तर ते गेले असं समजलं जातं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, सर्व देशांसाठी, आणि एका वर्षात वापर झाला नाही तरी हक्क रद्द होणार नाहीत' ही ओळ जशीच्या तशी घाला. एवढी एक ओळ नसल्यामुळे सहा वर्षांनी कोड परत लिहिणाऱ्याकडे जातो.

नोकरी करतो, पण रात्री घरी स्वतःचं ॲप बनवतो. ते कंपनीचं होईल का?

काम नोकरीचा भाग नसेल, कंपनीचा लॅपटॉप, कोड आणि वेळ वापरला नसेल, तर ते तुमचं. तरी नेमणूकपत्र काढून वाचा. काही कंपन्या नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळंच आपलं असं लिहून घेतात. तसं असेल तर सुरुवातीलाच लेखी परवानगी मागा. ॲप चालायला लागल्यावर मागायला गेलात तर उत्तर वेगळं येतं.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. कुपवाडच्या कारखान्यासाठी फायनल इयर प्रोजेक्ट करतोय. तो कोणाचा?

तुम्ही नोकर नाही, म्हणून मुळात तुमचा. चौघांनी मिळून लिहिला तर चौघांचा. कॉलेजचं बौद्धिक संपदेचं धोरण असेल आणि तुम्ही ते मान्य केलं असेल, किंवा कारखान्याशी काही लिहिलं असेल, तर त्याप्रमाणे. प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात चौघांनी एका पानावर लिहून ठेवा की पुढं हे विकायचं झालं तर कोण ठरवणार. कॉलेज सुटल्यावर एक पुण्यात, एक बंगळुरूत आणि एक परदेशात गेला की चार सह्या एकत्र आणणं फार कठीण जातं.

ग्राहक म्हणतो, 'पूर्ण पैसे मोजलेत, सोर्स कोड आमचा.' काय सांगायचं?

शांतपणे सांगायचं की प्रत विकत घेणं वेगळं आणि हक्क विकत घेणं वेगळं. पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकायचा हक्क मिळत नाही. हे व्यापाऱ्याला लगेच पटतं.

न्यायालयांनीही हा फरक मांडलेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की माध्यमावर भरून विकलेलं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. पण माल म्हणून प्रत विकली तरी कॉपीराइट विकला जात नाही. २ मार्च २०२१ च्या इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर निकालात हे आणखी स्पष्ट झालं. वाद आयकराचा होता. परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे कॉपीराइटची रॉयल्टी आहेत का, असा. न्यायालयानं सांगितलं की वापरण्याचं लायसन्स देताना कॉपीराइटमधला कुठलाही हक्क ग्राहकाकडे जात नाही, म्हणून ती रॉयल्टी नाही.

तरी ग्राहकाच्या मागणीमागं एक खरी भीती असते. तुम्ही उद्या धंदा बंद केलात, बाहेरगावी गेलात, आजारी पडलात तर त्याचा सीझन कोण सांभाळणार? ती भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. त्यावर तीन वाटा आहेत. नेहमीची वाट, नुसतं वापरायचं लायसन्स, सोर्स कोड तुमच्याकडेच. दुसरी, सोर्स कोडही द्यायचा, पण लायसन्सखाली: त्यानं तो स्वतःच्या पेढीपुरता बदलून घ्यावा, विकू नये, बाहेर देऊ नये. तिसरी, हक्कच लिहून द्यायचे, आणि मग किंमत तशी लावायची, कारण नंतर तोच कोड दुसऱ्या ग्राहकाला वापरायला तुम्हीच परके होता. बऱ्याच ठिकाणी एक मधला मार्गही चालतो. सोर्स कोड सीलबंद करून दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्याकडे ठेवायचा आणि तुम्ही सेवा बंद केलीत तरच तो ग्राहकाला मिळावा असं लिहायचं. मोठ्या व्यवहारात याला एस्क्रो म्हणतात. आमच्या एका ग्राहकासाठी त्यांच्याच चार्टर्ड अकाउंटंटच्या तिजोरीत असा डिस्क ठेवलेला आहे. दर दिवाळीला जुना काढून नवा ठेवतो.

लायसन्समध्ये काय काय यायला हवं?

कलम ३० प्रमाणे लायसन्स लेखी हवं. आणि कलम ३०ए मुळे कलम १९ चे नियम लायसन्सलाही लागू होतात. म्हणजे मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर भारत. 'कायमचं' द्यायचं असेल तर तो शब्द लिहा.

बाकी आपल्या धंद्याच्या भाषेत लिहा. किती मशीन, किती गाळे, कुठल्या शाखा. पेढी दोन भावांत वाटली गेली तर लायसन्स कोणाकडे जाणार, हे आपल्याकडे वारंवार घडतं आणि कुठल्याही तयार नमुन्यात नसतं, म्हणून मुद्दाम लिहा. देखभालीचे पैसे थांबले तर प्रोग्राम चालू राहणार पण दुरुस्ती मिळणार नाही, की वापरच थांबणार? कोड उलगडून बघायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही. आणि डेटा ग्राहकाचा. शेतकऱ्यांची नावं, पट्ट्या, उधारीची खाती ही त्याची आहेत आणि मागितल्यावर उघडता येईल अशा स्वरूपात परत मिळतील, असं ठळक लिहा. डेटा अडवून पैसे वसूल करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याचं नाव यार्डात एकदा खराब झालं की परत सुधारत नाही.

'मान्य आहे' बटण दाबलं किंवा ई-मेलवर होकार दिला, तर करार होतो का?

होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०ए प्रमाणे, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. वापराच्या लायसन्सला एवढं चालतं. पण हक्कांचं हस्तांतर सही मागतं. ते कागदावर सही करून घ्या किंवा रीतसर इलेक्ट्रॉनिक सहीनं. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याच्या चिन्हावर मालकी सोपवू नका.

लायसन्समध्ये मनाई केली तरी ग्राहकाला कायद्यानं काय करता येतं?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत असलेल्या माणसाला काही मोकळीक दिलेली आहे. ज्या कामासाठी प्रोग्राम घेतला त्या कामासाठी लागणारी प्रत किंवा बदल तो करू शकतो. हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप ठेवू शकतो. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती काढू शकतो. प्रोग्राम कसा चालतो ते निरखून त्यामागची तत्त्वं समजून घेऊ शकतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांपर्यंत गेली तेव्हा आमच्या गणपती पेठेतल्या एका ग्राहकाचा कॉम्प्युटर तीन दिवस पाण्यात होता. पाणी उतरल्यावर त्यांनी माधवनगरला मेहुण्याकडे ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणला. मला म्हणाले, 'साहेब, लायसन्स एकाच मशीनचं आहे. हे दुसऱ्या मशीनवर टाकलं तर चालेल ना?' अंगावरचे कपडे सोडून सगळं भिजलेला माणूस मला परवानगी विचारत होता. त्या रात्रीच मी आमच्या लायसन्समध्ये ओळ घातली: मशीन निकामी झाल्यास दुसऱ्या मशीनवर हलवण्यास परवानगीची गरज नाही.

प्रोग्रामला लॉक किंवा डोंगल (कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय प्रोग्राम चालू न देणारी छोटी किल्ली) लावलं तर?

लावा. हक्कभंग करण्याच्या हेतूनं असं तांत्रिक संरक्षण तोडणं २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र पैसे थकले म्हणून ऐन सौद्याच्या दिवशी दुरून प्रोग्राम बंद पाडणं हे वेगळं. करारात ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तुमच्यावरच उलटू शकतं, कारण अधिकृत वापरणाऱ्याला त्याच्या कॉम्प्युटरपासून अडवणं त्यात येतं. आणि त्या दिवशी दारात ट्रॅक्टर लावून पट्टीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचा तुमच्या थकबाकीशी काय संबंध?

ओपन सोर्स वापरून बनवलेलं सॉफ्टवेअर मालकीचं म्हणून विकता येतं का?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला, वापरायला आणि बदलायला खुला ठेवलेला असतो, पण ठरलेल्या लायसन्सखाली. त्यामुळे कुठलं लायसन्स आहे त्यावर आहे. एमआयटी किंवा अपाची २.० असेल तर विकता येतं, मूळ लेखकाची कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. जीपीएल नावाचं लायसन्स असेल तर गोष्ट बदलते. जीपीएलचा कोड तुमच्या प्रोग्राममध्ये मिसळून तो ग्राहकाला दिलात, तर सगळ्याचा सोर्स कोड त्याच लायसन्सखाली त्याला द्यावा लागतो. नुसतं स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना वापरायला दिलं तर जीपीएलची ही अट लागत नाही, पण एजीपीएल या त्याच्याच कडक भावंडात बदललेल्या कोडसाठी तिथंही लागते.

अट मोडली तर? तुमचं लायसन्स संपतं आणि मग तुम्ही दुसऱ्याच्या कॉपीराइटचा भंग करत असता. लक्षात घ्या, ओपन सोर्सवाल्यांची ताकदही कॉपीराइटमधूनच येते. फुकट मिळालं म्हणजे बेवारस नसतं. कुठली लायब्ररी (बाहेरून घेतलेला तयार कोड), कुठली आवृत्ती, कुठलं लायसन्स, याची एक फाइल प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.

एआयनं लिहून दिलेल्या कोडचं काय?

कायद्यात कॉम्प्युटरनं निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, अशी व्याख्या आधीपासून आहे. तरी फक्त तिच्यावर विसंबू नका. रचना तुम्ही ठरवा, कोड तपासा, बदला आणि त्याची नोंद गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, राहू द्या. ग्राहकाचा गुप्त कोड अशा सेवेत चिकटवण्याआधी त्याच्याशी केलेला गुप्ततेचा करार वाचा.

कॉपीराइट किती वर्षं टिकतो? वर्तुळातला 'सी' लिहावाच लागतो का?

लेखकाच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. चिन्हाची सक्ती नाही, पण प्रत्येक फाइलच्या डोक्यावर नाव आणि वर्ष लिहा. 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

नोकरी सोडताना मुलगा कोड घेऊन गेला आणि स्वतःचं दुकान उघडलं. त्याला थांबवता येईल?

दुकान उघडण्यापासून नाही. करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दच असतो. 'सोडल्यावर दोन वर्षं सांगली जिल्ह्यात हेच काम करणार नाही' असं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. आणि मला ते योग्यच वाटतं. तो जे शिकला ते त्याच्या पोटापाण्याचं आहे.

पण कोड घेऊन जायचा हक्क त्याला नाही. तो कॉपीराइटचा भंग आहे. परवानगीशिवाय प्रत काढणं किंवा नुकसान करण्याच्या हेतूनं सोर्स कोड चोरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि बदनियतीनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचं काम एवढंच की सोडायच्या दिवशी त्याचे सगळे प्रवेश बंद करा, काय परत दिलं त्याची यादी करून दोघांनी सही करा, आणि निरोप नीट द्या. रागानं गेलेला माणूस जास्त घेऊन जातो.

चोरी झालीच, तर जायचं कुठं?

आधी पुरावा गोळा करा, फोनवर भांडू नका. गिटचा इतिहास, तारखा, त्याच्या प्रोग्रामची रीतसर पावती करून विकत घेतलेली प्रत, स्क्रीनचे फोटो. मग वकिलाची नोटीस.

दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात चालतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता तिथं तो लावता येतो, चोर मुंबईत असला तरी सांगलीत. रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर तो व्यापारी वाद म्हणून चालतो आणि त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर. फौजदारी बाजूनं कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. निट प्रो विरुद्ध दिल्ली राज्य या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं, त्यामुळे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न बघता तपास सुरू करू शकतात. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्यालाही कलम ६३बी आहे: ७ दिवस ते ३ वर्षं.

तरी शेजारच्या गाळ्यातल्या वापरणाऱ्यावर थेट फिर्याद करायच्या आधी एकदा जाऊन बसा. त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. माझे दोन चांगले ग्राहक असेच मिळालेत.

जुन्या कामाचे कागदच झालेले नाहीत. आता उशीर झाला का?

नाही. हक्क आजही लिहून घेता येतात. लिहिणारा माणूस हयात आणि सापडणारा हवा, म्हणून वाट बघू नका. कोणी कोणी कोड लिहिला त्याची यादी करा, प्रत्येकाशी बोला आणि कलम १९ मधल्या सगळ्या गोष्टी असलेला कागद करा. त्यात आजचा मोबदलाही लिहा, आणि तो खरोखर द्या.

बारकोडवाला तो मुलगा तोवर बंगळुरूला गेला होता. गणपतीला गावी येणार असं कळलं तेव्हा दोन पानं छापून घेऊन कवठेमहांकाळला गेलो. नाशिकच्या व्यवहारातून त्याचा वाटा किती हे आधीच आकड्यात लिहिलं होतं. त्यानं ओसरीवर बसून दोन्ही पानं दोनदा वाचली, एका ठिकाणी स्वतःच्या आडनावाची वेलांटी दुरुस्त केली, आणि सही केली. साक्षीदार म्हणून त्याच्या वडिलांनी सही केली. हात कापत होता, म्हणून वेळ लागला. चेक मी त्यांच्याच हातात दिला.